परत बोलावता न येणारी झाडं

आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडे येताना पावसाळ्यात दोन्ही अंगांना जे हिरवंगार दिसतं, ते सगळं जंगल आहे असं पाहुण्याला वाटतं. जंगल आहेच, पण रस्त्याकडेचं हिरवं नीट पाहिलं तर त्यात रानमोडी असते, घाणेरी असते, कुणीतरी कधीकाळी कुंपणाला रोवलेली आणि आता कुंपण सोडून पुढे सरकलेली उंदीरमारी असते. यातलं एकही झाड सह्याद्रीतलं नाही. तिन्ही अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेली. आणि घाटाच्या वर-खाली बंगले, रिसॉर्ट, फार्महाऊस वाढताहेत तशी आणखी नवी झाडं ट्रक भरभरून येताहेत. त्यांतली बहुतेक बागेतच राहतील. काही राहणार नाहीत. ती कुठली, हे आधी ओळखता येतं का, आणि ओळखता आलं तर त्यांची विक्री थांबवायची कुणी, यावर हा लेख आहे.

संवादाच्या रूपात लिहितो आहे, कारण या विषयात एका बाजूचं ऐकलं की ते पटतं आणि दुसऱ्या बाजूचं ऐकलं की तेही पटतं. मामा घाटाखाली नर्सरी चालवतो. भाची कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. हे बोलणं एका बैठकीत झालेलं नाही. कोकणात या विषयावर जी हुज्जत चालते ती मी दोघांच्या तोंडी घातली आहे. मध्ये माझं मतही येईल.

मामा : कॉलेजात मुलांना सांगत होतीस म्हणे, नर्सरीवाल्यांनी कोकणचं रान बिघडवलं.

भाची : बिघडवलं असं नाही म्हटलं. म्हटलं, रानात घुसलेली बरीच झाडं आधी कुणाच्या तरी बागेत होती.

मामा : एकूण एकच.

भाची : एकच नाही रे मामा. घाणेरी घे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात ती आणली, शोभेचं झुडूप म्हणून. आणणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. रंगीबेरंगी फुलं, बारमाही बहर, कुंपणाला छान. बुलबुलांनी फळं खाल्ली आणि बिया देशभर नेल्या. आज वाघ राहतो त्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून जास्त क्षेत्रात घाणेरी आहे, असं वन्यजीव अभ्यासकांनी २०२० साली मोजून सांगितलं. दीड लाख चौरस किलोमीटरच्या वर. आणि सुरुवात एका बागेतून.

मामा : मग आता परकं तेवढं उपटून टाकू या. तुझ्या ताटापासून सुरुवात करू. मिरची काढ. बटाटा, टोमॅटो काढ. पपई, पेरू, अननस काढ. काजू पोर्तुगीजांनी आणला, तोही काढ; मग वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशी कलमं काढून लोकांचे संसार उभे केले, त्या लोकांना काय सांगशील? दसऱ्याला दाराला झेंडू लावतो आपण. तो मेक्सिकोचा. देवळासमोरचा पांढरा चाफा, तो तिकडचाच. देव काही त्या फुलांना नाही म्हणाला नाही.

भाची : मीसुद्धा नाही म्हणत नाही.

मामा : मग भांडण कशाचं?

भाची : झेंडू दसरा झाला की संपतो. बी राखून पुढच्या वर्षी पेरावं लागतं. मिरचीला पाणी घातलं नाही तर मरते. काजू परसातून उठून सदाहरित रानात गेलाय आणि तिथली झाडं मारतोय, असं मला तरी कुठे दिसलं नाही. जगभरातली माहिती गोळा करून २०२३ साली एक मोठा आंतरराष्ट्रीय अहवाल निघाला. त्यात म्हटलंय की माणसानं एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेलेल्या आणि तिथे रुजलेल्या वनस्पतींपैकी सुमारे सहा टक्केच आक्रमक होतात.

मामा : म्हणजे शंभरातल्या चौऱ्याण्णव निर्दोष. आणि तू शंभरांवर संशय घेतेस.

भाची : मी सहांबद्दल बोलतेय. त्या सहांचं नुकसान चौऱ्याण्णवांच्या उपकारांनी भरून निघत नाही.

मामाचा ताटाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. देशी ते चांगलं आणि परदेशी ते वाईट अशी सरळ वाटणी करणारी माणसं या विषयात पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्यामुळे चांगल्या कामाचं नुकसान होतं. काजू-मिरची खाणारा शेतकरी अशा उपदेशाला हसतो, आणि मग रानमोडीबद्दलचं खरं बोलणंही ऐकत नाही. उलट बाजू तर आणखी बोलकी आहे. आपली माधवीलता, संस्कृत काव्यांपासून घराच्या मांडवापर्यंत जिचं कौतुक झालं ती वेल, हिंदी महासागरातल्या रियुनियन आणि मॉरिशस बेटांवर झाडांवर चढून त्यांना गुदमरवते. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक प्रजातींची एक प्रसिद्ध यादी आहे, तिच्यात माधवीलतेचं नाव आहे. आपल्याकडून गेलेली बाभूळ ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या गवताळ मुलखावर पसरली आहे. जांभूळ हवाईत नकोसं झालं आहे. आपल्या रानात ही झाडं गुण्यागोविंदानं राहतात, कारण त्यांची पानं खाणारे किडे, बिया पोखरणारे भुंगे, त्यांच्याशी जागेसाठी भांडणारी शेजारची झाडं, सगळं इथं आहे. जहाजात झाड चढतं; हे बाकीचं मागे राहतं.

मॉरिशसचा उल्लेख मुद्दाम केला. आपल्याच रत्नागिरीकडून ऊसमळ्यांवर गेलेल्यांची मराठी नातवंडं-पतवंडं तिथं राहतात. त्या बेटावर चांगल्या स्थितीतलं मूळचं जंगल आता दोन टक्क्यांच्याही आत उरलं आहे. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात जंगलाच्या लहान लहान तुकड्यांना कुंपण घालून, माणसं लावून, ब्राझीलहून आलेला लाल पेरू हातानं उपटावा लागतो. उपटणं थांबलं की पेरू परत. आणि त्याच पेरूच्या हंगामात लोक पिशव्या घेऊन हौसेनं फळं तोडायला जातात. लोकांना गोड लागणारं फळ आणि रानाला मारणारं झाड एकच आहे, हे त्या बेटावर सगळ्यांना माहीत आहे आणि तरी कुणाला काही करता येत नाही.

भाची : तुझ्या नर्सरीत त्या शेडनेटच्या कडेला वेडेलिया आहे ना, पिवळ्या फुलांचं?

मामा : सगळ्यात जास्त तेच खपतं. उताराला लावलं की दोन पावसाळी महिन्यांत माती दिसत नाही. खत नको, पाणी नको, सावली चालते, ऊन चालतं. लँडस्केपवाले शेकड्यानं नेतात.

भाची : एक फांदी तोडून बघ.

वेडेलिया खरोखरच जवळून पाहण्यासारखं आहे. जमिनीसरपट जाणारा खोडाचा धागा, त्यावर समोरासमोर दोन दोन पानं, पान तीन पाळ्यांचं, चकचकीत. प्रत्येक पेऱ्याच्या खालच्या अंगाला पांढरी बारीक मुळं फुटायला तयार असतात. म्हणजे वीतभर तुकड्यात तीन-चार पेरी असतील तर ती तीन-चार नवी झाडंच. याला बी धरण्याची फारशी गरजच पडत नाही. माळी दर महिन्याला लॉनवर आलेलं वेडेलिया छाटतो, हातगाडीत भरतो आणि रिसॉर्टच्या मागच्या व्हाळात ओततो. पावसाचं पाणी ते तुकडे खाली नेतं. व्हाळाच्या काठावर, जिथे नेचे, रानहळद, तेरडा असायचा, तिथे पुढच्या श्रावणात पिवळी फुलं. हेही त्या शंभरांच्या यादीतलं झाड आहे, आणि तरी ते राजरोस पिशवीत मिळतं.

मामा : छाटणी व्हाळात टाकायची नाही, एवढं सांगता येईल की गिऱ्हाइकाला.

भाची : तू सांगशील. मालक मुंबईत असतो. माळी बदलतो. बंगला विकला जातो. झाड तिथंच असतं.

मामा : बरं. पण मग तुझं म्हणणं काय, जे पटकन वाढतं, कसंही जगतं, कुणी खात नाही, ते विकायचं नाही? बाय, गिऱ्हाईक हेच तर मागतं! पानाला कीड नको, गाईगुरांनी तोंड लावायला नको, सहा महिन्यांत फूल हवं. मी ज्याला चांगलं रोप म्हणतो, त्यालाच तू धोक्याचं म्हणतेस.

भाची : अडचण नेमकी तिथेच आहे, मामा.

या एका वाक्याभोवती मला हा सगळा प्रश्न फिरताना दिसतो. काडी रोवली की जगणं, लवकर फुलणं, भरपूर बी देणं, गुरांनी न खाणं, आग-दुष्काळ सोसणं, हे रोपवाटिकेतले गुण आहेत. रानाच्या कडेला तेच गुण आक्रमकाचे होतात. १९८०च्या आसपास सामाजिक वनीकरणात उंदीरमारी, सुबाभूळ, आकेशिया लावले गेले ते यांतल्याच काही गुणांसाठी. उजाड डोंगर लवकर हिरवे दिसावेत, लोकांना जळण मिळावं, ही गरज खरी होती. उंदीरमारीचा पाला भाताच्या खाचरात घालायलाही उत्तम. पण उन्हाळ्यात तिच्या चपट्या शेंगा फटाफट फुटतात आणि बिया लांब उडतात. पुण्याच्या टेकड्यांवर आज पौष-माघात तिला गुलाबी बहर येतो, लोक फोटो काढतात, आणि त्या झाडांखाली दुसरं काही उगवलेलं क्वचितच सापडतं.

मामा : आकेशियाबद्दल बोलू नकोस. रत्नागिरीकडच्या सड्यावर काही म्हणता काही उगवत नव्हतं. नुसता कातळ. आकेशियानं तिथे सावली आणली.

भाची : सडा बघायला एप्रिलमध्ये गेलास तर कातळच दिसणार. जूनमध्ये जा. पहिल्या पावसानंतर दिपकाडीची पांढरी फुलं येतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांबाहेर ती फारशी कुठेच नाही. मग आषाढ-श्रावणात निळी सीतेची आसवं, गवतं, डबक्यांतली पाणवनस्पती. त्यांना सावली नकोच आहे. आकेशियाचा जाड पाला वर्षभर पडतो, कुजत नाही लवकर, आणि खालचं सगळं दडपतो. आपण रिकामं समजून भरलं ते मुळात भरलेलंच होतं.

मामा : हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

भाची : कुणालाच कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा झाड म्हणजे चांगलं, एवढंच माहीत होतं.

मामा : मग आता तरी कसं ओळखायचं? तू म्हणतेस शंभरात सहा. माझ्याकडे नवीन रोप येतं आंध्रातल्या कडियमहून. राजमहेंद्रीजवळ नुसत्या नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. ट्रक रात्री निघतो, पिशवीवर नाव असतं ते व्यापारी नाव. ते सहांतलं की चौऱ्याण्णवांतलं, मी कसं सांगू?

भाची : पूर्ण खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. पण ऑस्ट्रेलियानं १९९७ पासून देशात येणाऱ्या प्रत्येक नव्या झाडासाठी ४९ प्रश्नांची चाळणी लावली आहे. त्यातला सगळ्यात उपयोगाचा प्रश्न एकच. हे झाड आपल्यासारख्या हवामानात दुसरीकडे कुठे बेफाम झालं आहे का? झालं असेल तर इथंही होईल, असं धरून चालायचं.

मामा : आणि दुसरीकडे कुठे गेलंच नसेल तर?

भाची : मग त्याची चालचलणूक बघायची. फळ पक्षी खातात का? बी वाऱ्यानं उडतं का? तुकड्यातून झाड होतं का? तोडलं तर बुंध्यातून दहा फुटवे येतात का? गर्द सावलीत रोप तग धरतं का? शेवटचा प्रश्न सह्याद्रीसाठी फार महत्त्वाचा. घाणेरी, रानमोडीला ऊन लागतं. दाट जंगलात त्या दबतात. सावलीत वाढणारं आक्रमक झाड आलं तर आपल्या सदाहरित रानालाही आसरा नाही.

मामा : असं झालंय कुठे?

भाची : ताहितीत. १९३७ साली हॅरिसन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थानं आपल्या बागेत मिकोनिया नावाचं झाड लावलं. पान हातभर लांब, वरून हिरवं, खालून जांभळं. देखणं म्हणूनच लावलं. फळं बारीक, पक्ष्यांना आवडणारी. मिकोनियाची रोपं सावलीतच वाढतात. आज त्या बेटाच्या दोन-तृतीयांश भागात मिकोनिया आहे. मुळं उथळ, खाली दुसरं काही उगवत नाही, त्यामुळे मोठ्या पावसात उतारच्या उतार घसरतात. आणि त्याच्या बिया पसरवणाऱ्या पक्ष्यांत आपला लालबुड्या बुलबुल आहे. तोही तिथे माणसानंच नेलेला.

मामा : बुलबुल आपल्याकडे तर घरोघर.

भाची : म्हणून तर सांगते.

मामा इथे काही वेळ गप्प बसला असेल, अशी माझी कल्पना आहे. पण त्याची पुढची बाजू भक्कम आहे, आणि ती मांडल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल.

मामा : आता माझं ऐक. दोडामार्गाच्या बाजूला डोंगरच्या डोंगर साफ करून रबर लागलं. काजूसाठी रान तोडलं गेलं. घाटात रस्ता रुंद झाला, जेसीबीनं दोन्ही बाजू खरवडल्या. तिथे रानमोडी आली. म्हणजे आधी घर फुटलं, मग चोर शिरला. तू चोराच्या मागे धावतेस. ज्यांनी भिंत पाडली त्यांच्याविरुद्ध बोलायला तुझ्या कॉलेजातलं कोण येतं? नर्सरीवाला हाताशी सापडतो म्हणून त्याला धरायचं.

भाची : हे खरं आहे. अगदी खरं आहे.

मामा : मग?

भाची : तरी दोन गोष्टी. एक, भिंत पाडली आणि कुणी शिरलंच नाही, तर रान स्वतःची भिंत परत बांधतं. आधी गवत, मग कुमा-कुडा, मग करवंदं-तोरणं, त्यांच्या आडोशाला मोठी झाडं. रानमोडी बसली की ते थांबतं. ती उन्हाळ्यात वाळते, कडकडीत जळते. शेजारची कोवळी रोपं मरतात आणि हिच्या बुडातून परत फुटवे. पुढच्या वर्षी आणखी वाळलेलं जळण. दुसरं म्हणजे वायनाड. तिथे सेना स्पेक्टॅबिलिस...

मामा : बहाव्यासारख्या पिवळ्या फुलांचं?

भाची : तेच. १९८०च्या सुमारास शोभेसाठी, सावलीसाठी लावलं. बरीच वर्षं कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही. आता अभयारण्याच्या ३४४ चौरस किलोमीटरपैकी शंभराहून जास्त चौरस किलोमीटरमध्ये ते पसरलंय. तिथे कुणी रबर लावलं नव्हतं, जेसीबी फिरवला नव्हता. हत्ती खात नाही, हरण खात नाही. तोडलं की बुंध्यातून झुबके फुटतात. म्हणून मोठ्या झाडांची साल सोलून ती उभीच वाळवावी लागतात आणि रोपं मुळासकट उपटावी लागतात. शेजारी मुदुमलईत तमिळनाडू सरकारनं ते कागद कारखान्याला तोडायला दिलं. एवढा सगळा खटाटोप एका शोभेच्या झाडासाठी.

माझ्या मते भाचीचं हे उत्तर पुरेसं आहे. पण मामाच्या आरोपातला अर्धा भाग तसाच उभा राहतो. रान तोडणाऱ्याला माफ करून नर्सरीवाल्याला दरडावणं सोपं असतं. दोन्ही थांबायला हवं. मला एवढंच दिसतं की तोडलेल्या रानाला परत उभं राहण्याची संधी असते, ती या झाडांमुळे जाते. म्हणून भिंत पडली असताना तर दार अधिकच सांभाळायला हवं.

मामा : किडा सोडता येत नाही का? आमच्या आजोबांच्या वेळी देशावर फड्या निवडुंग माजला होता म्हणे. मग एक किडा आला आणि साफ झाला.

भाची : तो कोचिनीलचा किडा. १९२६च्या सुमारास श्रीलंकेतून आणला आणि दक्षिणेत निवडुंगाचं रान संपवलं. खरोखर मोठं यश. काँग्रेस गवतासाठीसुद्धा १९८४ मध्ये बेंगळुरूकडे मेक्सिकन भुंगेरा सोडला. त्यानं काही ठिकाणी चांगलं काम केलं, सगळीकडे नाही. घाणेरीसाठीही किडे आणून झाले. तिला फरक पडला नाही. प्रत्येक झाडासाठी वेगळा किडा शोधायचा, तो आपलं पीक खाणार नाही याची वर्षानुवर्षं परीक्षा घ्यायची, आणि तरी यश नशिबावर. त्यापेक्षा रोप न विकणं स्वस्त.

मामा : आणि घाणेरीचं फर्निचर करतात ते? कर्नाटकात सोलिगा लोक सोफे, टेबलं विणतात. मी व्हिडिओ पाहिलाय.

भाची : ते लोक फार सुंदर काम करतात, त्यांना पैसे मिळतात, माझ्याकडेही तशी खुर्ची आहे. पण सोलिगाच सांगतात, पूर्वी ते रानात थंडी सरताना हलकी आग लावायचे, ती बंद झाल्यावर घाणेरी माजली. फर्निचरनं जंगल मोकळं होत नाही. विकत घेणारं गिऱ्हाईक संपतं, घाणेरी संपत नाही. ती काढायची तर दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंनी दाखवलेली रीत आहे. जमिनीखाली चार बोटं मूळ छाटायचं, झुडूप उलटं करून ठेवायचं, आणि लगेच तिथे स्थानिक गवत लावायचं. मग पुढची काही वर्षं जिथे पक्षी बसतात त्या झाडांखाली फिरून रोपं उपटायची. काम होतं. पण एकरा-एकरानं होतं.

मामा : सरकारनं कायदा करावा मग. यादी लावावी: हे विकायचं नाही. मी नाही विकणार. पण मी एकटा थांबलो तर कोल्हापूरची गाडी उद्या गेटवर उभी राहील.

भाची : वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. आक्रमक परकी प्रजाती म्हणजे काय ते त्यात लिहिलं आहे, आणि त्यांची आयात, व्यापार, बाळगणं, वाढवणं यांवर बंधनं घालायचा अधिकार केंद्राला दिला आहे.

मामा : अधिकार दिला. नर्सरीच्या दारावर यादी कुठे आहे?

या प्रश्नाचं उत्तर भाचीजवळ नाही आणि माझ्याजवळही नाही. कायद्यात आणखी एक उणीव आहे. त्याच्या व्याख्येत भारताबाहेरून आलेल्याच प्रजाती बसतात. हिमालयातलं झाड सह्याद्रीत आणून सोडलं आणि ते बेफाम झालं, तर या कलमाचा उपयोग नाही. शिवाय देशभराची एकच यादी कितपत कामाची? वेडेलिया सोलापुरात कुंडीत राहील, पाण्याविना वाळेल. तेच आंबोलीत, जिथे वर्षाला सातशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, व्हाळ धरेल. यादी जिल्ह्याची हवी, तालुक्याची हवी. आंबोली, महाबळेश्वर, माथेरान, लोणावळा, पन्हाळा, प्रत्येकाची आपली. आणि ती बनवताना नर्सरीवाल्यांना समोर बसवायला हवं, कारण कुठलं झाड कुंडीबाहेर पळतं हे त्यांना प्राध्यापकांच्या आधी कळतं. मामाच्याच नर्सरीत बघा: पिशव्यांमध्ये न पेरता उगवणारी रोपं कुठली, याची यादी त्याच्या कामगार बायका तोंडपाठ म्हणतील.

मामा : बरं, नाही विकलं. मग विकू काय? तू सांगशील सुरंगी लाव. सुरंगीला फुलायला किती वर्षं लागतात माहीत आहे? गिऱ्हाईक तोवर बंगला विकून जातो. आणि बी? जांभळाचं, रातांब्याचं, रानातल्या बहुतेक झाडांचं बी पडल्यावर थोड्या दिवसांत पेरावं लागतं, वाळलं की मेलं. ते पडतं भर पावसाच्या तोंडावर, तेव्हा रानात जाऊन गोळा कोण करणार? वेडेलियाची काडी मी जानेवारीत पण लावतो.

भाची : कुंपणापासून सुरू कर. निर्गुडी, अडुळसा काडीनं येतात. करवंदाचं कुंपण गुरं ओलांडत नाहीत. शोभेला भूतकेस आहे, पांढरं पान लांबून दिसतं. ताम्हण लवकर फुलतं. पांगारा तर खुंटानं लागतो.

मामा : निर्गुडी कोण विकत घेणार? ती गडग्याला फुकट मिळते.

भाची : मुंबईच्या माणसाला गडग्याची निर्गुडी ओळखता येत नाही. तू ओळखतोस. तेच विक.

मामा : ...एक ओळ लावून बघतो. पण ऑर्डर पाहिजे. आधी ऑर्डर, मग रोप. उलटं मला परवडत नाही.

मामाची ही शेवटची अट मला रास्त वाटते, आणि माझा निकालही तिच्यावरच आहे. झाड कुठल्या देशाचं, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. रानाच्या तोंडाशी असलेल्या गावात कुठलंही रोप विकण्या-घेण्याआधी एवढंच विचारावं: हे कुंपणाबाहेर गेलं तर परत आणता येईल का? झेंडू, काजू, चाफा परत येतात. वेडेलिया, सेना, उंदीरमारी, रानमोडी येत नाहीत. शंका असेल तर न लावणं बरं, कारण चूक कळेपर्यंत वीस-तीस वर्षं जातात आणि तोवर लावणारा नर्सरीवालाही नसतो आणि बंगल्याचा मालकही.

ज्यांनी कोकणात किंवा घाटमाथ्यावर प्लॉट घेतला आहे, त्यांना सांगणं आहे. लँडस्केपवाल्यानं दिलेली झाडांची यादी सही करण्याआधी वाचा, आणि तिच्यात वेडेलिया, घाणेरीची रंगीत जात, उंदीरमारी, सुबाभूळ, सेना असेल तर खोडा. छाटणी व्हाळात टाकू देऊ नका; आवारातच खड्ड्यात पूर्ण कुजेपर्यंत ठेवा. कुंपणासाठी निर्गुडी, अडुळसा, करवंद मागा. मे महिन्यात ऐनवेळी मागितलीत तर मिळणार नाहीत, नर्सरीवाल्याला आदल्या वर्षी सांगावं लागतं. जवळच्या नर्सरीत जाऊन पुढच्या पावसाळ्याची ऑर्डर आत्ताच द्या, आणि थोडी आगाऊ रक्कमही.